काळजावर साय

पोटावर थंड जेल चोपडून
हडर्सफील्डच्या इस्पितळातला तो पोरगेला टेक्निशियन
पडद्याकडे बघत म्हणाला, लिव्हरवर फॅट आहे.
म्हणजे चरबी.
सासूबाई हेच म्हणाल्या होत्या, चढलीय हिला,
एक्क्याऐंशी साली, मी स्वतःच्या नावाचं पासबुक काढलं तेव्हा.
आज मशीननं त्यांची बाजू घेतली.

नर्सनं विचारलं, आठवड्याला किती घेता?
म्हटलं, चहा?
ती हसली नाही. तिला आकडा भरायचा होता.

मग मी घरी येऊन हिशेब मांडला.
दारू नाही. तळण सणासुदीला.
पण पोरांच्या ताटातलं उरलेलं,
ह्यांनी अर्धी टाकलेली पोळी,
पातेल्याच्या कडेचा भात, टाकवत नाही म्हणून.
तूप मी कढवलं, वाढलं दुसऱ्यांना,
आणि साय, बघा,
जमली माझ्या काळजावर.

खाटकाकडे काळीज म्हणजे हेच, लिव्हर.
आम्ही मात्र सगळं दुःख छातीत डावीकडे शोधत बसलो.
ते उजव्या बरगडीखाली होतं,
मुकाट्यानं जड होत.

सोमवार-गुरुवार, चर्चचा हॉल, बारा बायका.
कॉलम नावाचा मुलगा शिकवतो,
माझ्या नातवाहून चार वर्षांनी मोठा.
खुर्चीवरून उठायचं, बसायचं, हात न टेकता.
शाळेत ह्याला उठाबशा म्हणायचे,
गृहपाठ नाही केला की.
इथे डॉक्टर लिहून देतात.

रबरी पट्ट्या: पिवळी सोपी, निळी हट्टी.
नसीम पट्टी ताणते तेव्हा तोंडानं काहीतरी पुटपुटते.
ग्लेनिस मोठ्यानं शिव्या देते.
तिची चाळीस वर्षं लोकरीच्या गिरणीत गेली,
तिला कुजबुजणं येत नाही.

सोबत एक गोळी, रोज, जेवणावर.
निम्म्यांची खरी, जीवनसत्त्वाची,
निम्म्यांची नुसती, दिसायला तशीच.
कुणाची कुठली, आम्हाला माहीत नाही,
देणाऱ्यालाही नाही.
ग्लेनिसनं चावून पाहिली, म्हणाली, मासा लागतो.
नसीमला काहीच लागलं नाही, ती दोन दिवस रडवेली.
मी बाटली देवघराच्या फळीवर ठेवली.
तिथे सवय आहे:
आहे का नाही विचारायचं नाही,
वेळेवर घ्यायचं.

नवव्या आठवड्यात ग्लेनिसचा रॉन गेला.
मंगळवारी पुरला. गुरुवारी ती आली.
कॉलमला काय बोलावं सुचेना,
त्यानं तिच्या हातात पिवळी पट्टी दिली.
तिनं ती परत केली. निळी घेतली.
त्या दिवशी हॉलमध्ये शिव्या नव्हत्या,
फक्त रबराचा आवाज
आणि पत्र्यावर पाऊस.

सहा महिन्यांनी लिफाफे आले.
माझी गोळी नुसती होती.
सूर्यफुलाचं तेल, म्हणे, एवढुसं.
मी वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं.
रोज रात्री कशाला हात जोडत होते मी?
आणि तरी आकडा उतरला होता,
थोडाच, पण उतरला.
नसीमची खरी होती. तिचाही उतरला.
ग्लेनिसचा चढला.
तिनं पत्राची घडी करून
डुगडुगणाऱ्या खुर्चीच्या पायाखाली सारली.

अभ्यास संपला, तरी आम्ही जातो.
दोन पाउंड भाडं प्रत्येकी, चहा वेगळा.
बाटलीत आता ओवा ठेवते.
पट्टी पलंगाच्या पायाला बांधलेली,
नातू बेचकी समजून घेऊन गेला होता,
परत आणली.

परवा पातेल्याच्या कडेला भात उरला.
मी बराच वेळ त्याच्याकडे बघत उभी.
मग मागच्या दारानं जाऊन
भिंतीवर ठेवला.
मॅगपाय आला, एकटाच.
सगळा खाल्ला त्यानं, शीत न् शीत.
त्याला काय,
उडायचंच आहे दिवसभर.